वाचक विचारतात : वेरूळची बौद्ध लेणी, हिंदू लेणी आणि मधली लेणी

गेल्या अंकात वेरूळवर लेख आला, त्यानंतर बरीच पत्रे आली. सारख्या प्रश्नांना एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : वेरूळला १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन लेणी आहेत. म्हणजे आधी बौद्ध, मग हिंदू, शेवटी जैन असा क्रम झाला ना? मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात आम्ही तसेच लिहिले आहे. (सातारा)

उत्तर : जैन लेणी शेवटची, एवढे बरोबर आहे. बाकीचे खोडावे लागेल. हे क्रमांक डोंगराच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेकडे चालत जाताना दिले आहेत, गल्लीतल्या घरांना नंबर देतात तसे. त्यांचा काळाशी संबंध नाही.

वेरूळमधली सर्वांत जुनी मोठी लेणी आज बहुतेक अभ्यासक हिंदू लेण्यांमध्ये शोधतात. लेणे २९ (धुमार लेणे) आणि लेणे २१ (रामेश्वर) ही इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, कलचुरी राजवटीच्या काळातली मानली जातात. लेणे २१ च्या समोर कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची नाणी सापडली आहेत. लेणे २९ चा आराखडा मुंबईजवळच्या घारापुरीच्या मुख्य लेण्याशी इतका जुळतो की दोन्ही पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. चारी बाजूंनी दारे असलेले लिंगाचे गर्भगृह, प्रत्येक दाराशी भव्य द्वारपाल, आणि भिंतींवर मोठमोठे शिल्पपट.

बौद्ध लेण्यांचे मुख्य काम त्यानंतर, साधारण इ. स. ६०० ते ७३० या काळात झाले. मग राष्ट्रकूटांच्या अमलात पुन्हा हिंदू लेणी (१५, १६ वगैरे) आणि नवव्या-दहाव्या शतकात जैन लेणी. प्रकल्पात ‘हिंदू, बौद्ध, पुन्हा हिंदू, मग जैन, आणि मधे बराच काळ दोन कामे शेजारी शेजारी’ असे लिहा. तक्ता नीटनेटका दिसणार नाही, पण खरा असेल.

प्रश्न : बौद्ध आणि हिंदू स्थापत्याचा संगम वेरूळला आहे असे सगळे म्हणतात. शेजारी शेजारी असणे म्हणजे संगम नव्हे. एकाच लेण्यात दोन्ही दिसते का? नेमके कुठे पाहायचे? (नाशिक)

उत्तर : दिसते. मात्र मूर्तीकडे पाहण्याआधी आराखडा पाहायची सवय लावून घ्यावी लागते. आत शिरल्यावर खांबांच्या रांगा किती, भिंतीत भिक्षूंच्या खोल्या आहेत का, गर्भगृह मागच्या भिंतीत कोरले आहे की तिच्यापासून सुटे उभे आहे, त्याच्याभोवती फिरता येते का, एवढे आधी बघा. देवता नंतरही बदलता येते. खांब कातळातच सोडलेले असतात, ते हलवता येत नाहीत.

पहिला थांबा लेणे ८. हे बौद्ध लेणे आहे, आत बुद्ध आहे. पण इथले गर्भगृह मागच्या भिंतीला चिकटलेले नाही; त्याच्याभोवती प्रदक्षिणेची वाट कोरलेली आहे. वेरूळच्या इतर बौद्ध विहारांत (भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यांत) अशी वाट नाही. शैव लेण्यांत मात्र ती नेहमीची. कारागिरांनी शेजारच्या कामातली युक्ती उचलली, असा याचा सरळ अर्थ आहे. गर्भगृहाच्या दाराशी पुरुषभर उंचीच्या मूर्ती उभ्या करण्याची पद्धतही दोन्हींकडे सारखीच: लेणे २ मध्ये बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचे, लोकांना तारणारे पूज्य पुरुष), लेणे २९ मध्ये शैव द्वारपाल. अंगावरची चिन्हे वेगळी, जागा आणि आकारमान तेच.

दुसरा थांबा लेणे १४ (रावण की खाई). हे मूळचे बौद्ध विहार असून सातव्या शतकात त्याचे हिंदू मंदिर केले गेले असे मानतात. आत उत्तरेच्या भिंतीवर दुर्गा, गजलक्ष्मी, वराह. दक्षिणेच्या भिंतीवर महिषासुरमर्दिनी, सारीपाट खेळणारे शिव-पार्वती, नटराज, कैलास हलवणारा रावण. गर्भगृहाभोवतीच्या वाटेत सप्तमातृका (सात मातृदेवता) ओळीने बसल्या आहेत. प्रत्येकीजवळ मूल आहे, आणि पायाशी वाहन कोरलेले आहे. मातृका ओळखायच्या त्या वाहनावरून.

तिसरा थांबा लेणे १५ (दशावतार), आणि इथे घाई करू नका. आधी शेजारचे लेणे १२ (तीन ताल) नीट पाहून या. ते तीन मजली बौद्ध विहार आहे. समोर मोठे अंगण, दर्शनी बाजू जवळजवळ कोरी, चौकोनी दणकट खांबांच्या ओळी. मग लेणे १५ च्या पायऱ्या चढा. पुन्हा तेच अंगण, तशीच कोरी दर्शनी बाजू, तसेच चौकोनी खांब. खालचा मजला तर सरळ विहारच वाटतो. वरच्या मजल्यावर गेल्यावर चित्र पालटते. डाव्या (उत्तर) भिंतीवर शिवाच्या कथा, उजव्या भिंतीवर विष्णूच्या: गोवर्धनधारी, शेषशायी, वराह, त्रिविक्रम, नरसिंह. नरसिंहाच्या पटात हिरण्यकशिपूला अजून पळायला वाव आहे असे वाटते, हा त्या शिल्पकाराचा मोठेपणा. बौद्ध विहार म्हणून सुरू झालेले काम मधेच हाती घेऊन मंदिर म्हणून पुरे केले, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. अंगणात एक सुटा मंडप आहे आणि त्यावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे. म्हणजे आठव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही जागा राष्ट्रकूटांच्या आश्रयाखाली आली होती.

लेणे बौद्धच राहिले आणि हिंदू देवता नंतर आल्या, असे उदाहरण हवे असेल तर लेणे ११. नाव ‘दोन ताल’, प्रत्यक्षात मजले तीन. तळमजला गाळात गाडलेला होता, तो १८७६ मध्ये मोकळा झाला. नाव मात्र तसेच राहिले. बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या या लेण्यात दुर्गा आणि गणपतीही आहेत. भिक्षू गेल्यावर जागा ओस पडली नाही, वापरात राहिली, याची ती खूण.

‘एकाने दुसऱ्याचे बळकावले का?’ असेही काहींनी विचारले आहे. लेणे १४ आणि १५ मध्ये जागेचा धर्म बदलला, हे खरे. पण त्याच डोंगरात शैव लेण्यांनंतर बौद्ध लेणी आली, त्यांनी शैवांचा आराखडा घेतला, आणि पुढे राष्ट्रकूटांच्या राज्यात जैन लेणीही कोरली गेली. निव्वळ भांडणाच्या कथेत हे बसत नाही. आमच्या मते वेरूळचा खरा धागा राजांपेक्षा पाथरवटांच्या हातात आहे. दाते बदलत गेले, कातळ फोडायची रीत आणि अंगणापासून गर्भगृहापर्यंतची मांडणी मात्र त्याच परंपरेत पुढे सरकत गेली.

प्रश्न : लेणे १० च्या छताला बरगड्यांसारखे दगडी वासे कशाला? त्याला ‘सुतार का झोपडा’ का म्हणतात? (पुणे)

उत्तर : वासे छताला आधार देत नाहीत. छत अख्खा डोंगर आहे, त्याला वाशांची गरज नाही. लाकडी चैत्यगृहात (स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात) कमानदार वासे असत, आणि ती आठवण दगडात जपायची रीत भाजे-कार्ल्यापासून चालत आली. तिथे खरे लाकूडही वापरले होते. कार्ल्यात लाकडी वासे आजही छताला आहेत. वेरूळपर्यंत येताना लाकूड गेले आणि वासे कातळातच कोरले जाऊ लागले. सुतारकाम दिसते म्हणून सुतारांनी आतल्या बुद्धाला विश्वकर्मा मानले आणि त्याची पूजा केली. लेण्याचे ‘विश्वकर्मा’ हे नावही त्यावरूनच.

वेरूळमधले हे एकमेव चैत्यगृह. आतली लांबी सुमारे ८६ फूट, रुंदी ४३ फूट, उंची ३४ फूट. कार्ले पाहिलेल्यांनी दोन फरक जरूर पाहावेत. एक, दर्शनी भागावरची घोड्याच्या नालेसारखी प्रचंड कमान इथे नाही; तिच्या जागी ओसरीवर गच्ची आणि तिच्यामागे लहान, तीन पाकळ्यांची खिडकी आहे. त्यामुळे दर्शनी भाग देवळासारखा दिसू लागतो. दोन, स्तूप मागे पडला आहे. त्याच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेला, धर्मचक्रमुद्रेतला (उपदेश करतानाच्या हातांच्या मुद्रेतला) भव्य बुद्ध कोरला आहे आणि स्तूप त्याची पाठराखण करतो आहे. कार्ल्यात स्तूपच पूजेचा होता. वेरूळला मूर्ती पुढे आली, गाभाऱ्यातल्या देवासारखी.

प्रश्न : वाटाड्याने लेणे ६ मध्ये मोराजवळची देवी दाखवून ‘सरस्वती’ म्हटले. पाटीवर दुसरेच नाव होते. शिवासारखे जटाधारी पुरुषही बौद्ध लेण्यांत दिसतात. ओळखायचे कसे? (डोंबिवली)

उत्तर : ती महामायुरी. वज्रयान या बौद्ध तांत्रिक परंपरेतली, सर्पदंशापासून रक्षण करणारी देवता. शेजारी मोर आहे आणि खाली एक छोटा साधक पुढ्यात पोथी ठेवून वाचत बसला आहे. मोर आणि पोथी एकत्र दिसल्यावर सरस्वती आठवणे साहजिक आहे, आणि रूपांमध्ये उसनवारी झालेलीही असू शकते. पण लेण्यातली बाकीची मंडळी बौद्ध आहेत, हे विसरायचे नाही.

जटाधारी पुरुष बहुधा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. जटांच्या मधोमध बघा: पद्मासनातली इवलीशी बुद्धमूर्ती (अमिताभ) असेल, हातात लांब देठाचे कमळ असेल आणि डाव्या खांद्यावर मृगाजिन असेल. शिव असेल तर जटेत चंद्रकोर, हातात त्रिशूळ किंवा नाग. मुकुटात छोटा स्तूप असेल तर मैत्रेय. कमळावर पोथी असेल तर मंजुश्री. वज्र असेल तर वज्रपाणी. हातात थैली घेतलेला ढेरपोट्या पुरुष असेल तर जंभल. त्याचा हिंदू भाऊ कुबेर. फसगत होते ती मूर्ती झिजलेली असते तेव्हा आणि विजेरी समोरून मारल्यावर. प्रकाश बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर टाका. जटेतली बोटभर मूर्तीसुद्धा सावलीने उठून दिसते.

आणखी एक: लेणे ३२ ला ‘इंद्रसभा’ म्हणतात, पण तिथला हत्तीवरचा पुरुष इंद्र नाही. तो जैन यक्ष आहे आणि सिंहावरची स्त्री अंबिका यक्षी.

प्रश्न : कैलास लेण्यातून चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढला, माणसाला ते शक्यच नाही, अशा चित्रफिती फिरतात. खरे किती? (नागपूर)

उत्तर : कागद-पेन्सिल घ्या. कैलासाचे (लेणे १६) अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागच्या बाजूचा कडा १०७ फूट उंच. म्हणजे तळाचे क्षेत्रफळ ४२,५०४ चौरस फूट. ही अख्खी पेटी १०७ फूट उंचीपर्यंत भरलेली धरली, तरी होतात साडेपंचेचाळीस लाख घनफूट. आमच्या काळ्या पाषाणाचा एक घनफूट सुमारे ८० किलो भरतो. चार लाख टनांसाठी पन्नास लाख घनफूट दगड लागेल. पेटीच तेवढी नाही!

शिवाय डोंगर उतरता आहे. मागे १०७ फूट, पुढे बराच कमी. सरासरी निम्मी धरली तर साधारण २३ लाख घनफूट. मधे उभे असलेले मंदिर त्यातून वजा करा, बाजूच्या कोरीव ओवऱ्यांतून निघालेला दगड मिळवा. हिशेब ढोबळ आहे, पण २० लाख घनफुटांच्या आसपास येतो. वजन सुमारे १ लाख ६० हजार टन. अभ्यासक २ लाख टन म्हणतात, तेही याच पल्ल्यातले.

आता वेळ. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एका माणसाचे दिवसाचे काम ४ घनफूट धरले. २५० माणसे म्हणजे रोज १,००० घनफूट. २० लाख घनफुटांना २,००० दिवस, सुमारे साडेपाच वर्षे. हे फक्त कातळ फोडण्याचे. कोरीवकाम, पावसाळे, पैशाची ओढाताण वेगळी. काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे इ. स. ७५६ ते ७७३) याच्या काळात मुख्यतः झाले, हे बडोद्याच्या ताम्रपटावरूनही समजते. काही भाग पुढेही कोरले जात राहिले. यात अशक्य काय आहे?

पद्धत अशी. डोंगराच्या उतारावर आधी तीन चर पाडले, दोन बाजूंना आणि एक मागे. मधे सुमारे २०० फूट लांब, १०० फूट रुंद आणि १०० फूट उंच कातळाचा ठोकळा सुटा राहिला. मग शिखरापासून खाली. शिखराचे बारीक काम पुरे करायचे आणि पायाखालचा कातळ उतरवत उतरवत पुढच्या थरावर यायचे. म्हणजे परांची बांधावी लागत नाही. मलबा पुढच्या उघड्या बाजूने बाहेर. बाजूच्या कड्यांवर छिन्नीचे ओरखडे आजही स्पष्ट आहेत. शिखर दिसेपर्यंत उपास धरलेल्या राणीचा उपास लवकर सुटावा म्हणून पैठणच्या कोकास नावाच्या कारागिराने आधी शिखर घडवले, अशी लोककथा आहे. कथा जुनी आहे आणि बांधकामाची दिशा तिने अचूक धरली आहे.

चुकते कुठे, हेही विचारले आहे. कोरीवकामात दगड वाढवता येत नाही, म्हणून चूक झाली की आकृती लहान करून घ्यावी लागते, नाहीतर खाच पाडून जुळता तुकडा बसवावा लागतो. दुसरा शत्रू कातळातल्या उभ्या भेगा. लाव्हा थंड होताना त्या पडतात, वरून दिसत नाहीत, आणि बारीक काम झाल्यावर पावसाचे पाणी त्यांतून झिरपू लागते. तिसरा, आधाराविना लांबवलेला दगड: मुख्य मंदिर आणि बाजूच्या ओवऱ्यांना जोडणारे दगडी पूल कोसळले आहेत, त्यांची तुटलेली टोके दिसतात. अर्धवट काम कसे दिसते ते पाहायचे असेल तर जैन लेणे ३० (छोटा कैलास) पाहा. पुरे झाले नाही, म्हणूनच शिकायला उत्तम.

प्रश्न : लेण्यांतल्या गिलाव्यात गांजा होता, हे खरे? (कोल्हापूर)

उत्तर : भांगेच्या झाडाचा भाग होता, नशेशी संबंध नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेणे १२ च्या गिलाव्याचे नमुने तपासले. माती आणि चुन्याच्या मिश्रणात सुमारे १० टक्के भांगेचा भाग आढळला. तंतू टिकाऊ, गिलावा तडकू देत नाहीत; कीड लागत नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात तो नव्हता, आणि तिथे किड्यांनी चित्रांचे मोठे नुकसान केले. कैलासालाही पूर्वी गिलावा आणि रंग होते. वरच्या मंडपाच्या दारापुढच्या छताला रंगांचे अवशेष आहेत. मान वर करून पाहावे लागते, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून निसटतात.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. एकाच दिवसात काय दाखवू? (ठाणे)

उत्तर : मंगळवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात. (अजिंठा सोमवारी बंद. दोन्ही एकाच फेरीत करणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.) छत्रपती संभाजीनगरपासून अंतर सुमारे ३० किलोमीटर, वाटेत दौलताबाद आणि खुलताबाद. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत. त्यामुळे सकाळी आत अंधार आणि दुपारनंतर उजेड. सकाळी घृष्णेश्वराचे दर्शन उरकून घ्या (गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावे लागते), मग लेणी. आईंसाठी कैलासाचे अंगण, लेणे १० चा तळमजला आणि लेणे ६ पुरे. अंगणात हत्ती, सुमारे १५ मीटर उंचीचे दोन ध्वजस्तंभ, उत्तरेच्या बाजूला महाभारताचे आणि दक्षिणेला रामायणाचे पट, दक्षिणेलाच कैलास हलवणारा रावण, हे सगळे पायऱ्या न चढता दिसते. मुख्य मंडपात जायला मात्र जिना चढावा लागतो. लेणे १५ च्या पायऱ्या उंच आहेत, त्या टाळा. जैन लेण्यांकडे आतली बस जाते, तिथे चालायला लावू नका.

तुम्ही स्वतः कैलास वरून पाहायला जाल, तर दक्षिणेच्या बाजूने वाट आहे. पावसाळ्यात कातळ शेवाळतो आणि काठ उघडे आहेत. चपला काढून जाणारेही घसरतात. खाचांचे तळवे असलेले बूट घाला आणि छायाचित्रासाठी मागे सरकू नका. लेणे २९ जवळचा धबधबा, सीतेची न्हाणी, पाऊस झाल्यानंतरच वाहतो. उन्हाळ्यात नुसता कोरडा कडा बघायला तेवढी चाल करू नका.